फळ कुणाच्या नावावर?

२ जुलै २०१०. जोहान्सबर्गच्या सॉकर सिटी मैदानावर विश्वचषकाचा उपांत्यपूर्व सामना १-१ वर अडकला होता. जादा वेळेचे शेवटचे काही क्षण उरले असताना उरुग्वेच्या लुइस सुआरेझनं गोलमध्ये शिरणारा चेंडू चक्क हातानं अडवला. त्याला लाल कार्ड मिळालं, घानाला पेनल्टी. आफ्रिकेतल्या एकाही संघानं तोवर उपांत्य फेरी पाहिली नव्हती, आणि विश्वचषक पहिल्यांदाच आफ्रिकेत भरला होता. पेनल्टी घ्यायला असामोआ ग्यान पुढे आला. याच स्पर्धेत सर्बिया आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यानं पेनल्टीवर गोल केले होते. या वेळी चेंडू आडव्या खांबाला लागून वर गेला.

मग शूटआऊट. उरुग्वेचा पाचवा फटका सेबास्तियन आब्रेऊच्या वाट्याला आला. पाठीवर १३ आकडा, मानेवर रुळणारे केस, वय ३३, टोपणनाव ‘लोको’ म्हणजे वेडा. तो धावत आला, गोलरक्षक किंगसननं एका बाजूला झेप घेतली, आणि आब्रेऊनं चेंडूखाली बूट घालून तो मधोमध अलगद उचलून टाकला. उरुग्वे ४-२ नं जिंकला.

किंगसन जागचा हलला नसता तर? तोच चेंडू भाजीवाल्यानं टाकलेल्या कोथिंबिरीच्या जुडीसारखा त्याच्या हातात पडला असता. आब्रेऊचं कर्म तेच, पायाचा कोन तोच, धाडसही तेच. फक्त उद्याची वर्तमानपत्रं वेगळी. उलट ग्यानचा फटका बोटभर खाली असता तर अक्रा शहरात त्याचे पुतळे उभे राहिले असते. या दोघांच्या कर्तबगारीतला फरक नेमका कुठे शोधायचा? त्यांच्या हेतूत, कौशल्यात, की हवेत गेलेल्या चेंडूच्या मार्गात?

तत्त्वज्ञांनी हा प्रश्न मैदानाबाहेर बराच घोळवला आहे. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल यांनी १९७६ मध्ये एकाच परिसंवादात नैतिक नशिबाचा विषय मांडला. नेगलच्या उदाहरणातला ट्रकचालक ब्रेक तपासत नाही. रस्त्यात मूल आडवं आलं नाही तर तो फक्त निष्काळजी ठरतो, आलं तर एका मृत्यूचा धनी होतो. आपण माणसाला त्याच्या हातात असलेल्या गोष्टींवरूनच जोखावं असं तोंडानं म्हणतो, आणि प्रत्यक्षात निकाल पाहून निवाडा करतो. योगायोग असा की, त्याच १९७६ च्या जूनमध्ये बेलग्रेडला युरोपियन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आंतोनिन पानेंकानं पश्चिम जर्मनीच्या सेप मायरला तो अलगद उचललेला फटका पहिल्यांदा जगासमोर खेळून दाखवला, आणि ऑक्टोबरमध्ये उरुग्वेतल्या मिनास गावी आब्रेऊ जन्माला आला.

बचावपटूला निदान चेंडू अडवल्याचं श्रेय तरी मिळतं. स्ट्रायकरचा अख्खा धंदाच फळावर चालतो. ‘किती गोल?’ या एका प्रश्नापाशी त्याची किंमत ठरते, करार ठरतो, पुढचं गाव ठरतं. आणि गावांचा हिशेब काढायचा तर आब्रेऊइतका मोठा हिशेब क्वचितच कुणाचा असेल. माँटेव्हिडिओच्या डिफेन्सर स्पोर्टिंगपासून सुरुवात, मग ब्युनोस आयर्सचा सान लोरेन्झो. १९९८ मध्ये स्पेनच्या डेपोर्तिवो ला कोरुन्यानं त्याला विकत घेतलं आणि पुढे वर्षानुवर्षं लोनवर दुसऱ्यांकडे धाडलं. ब्राझील, मेक्सिको, इस्रायल, ग्रीस, इक्वेडोर, पॅराग्वे, एल साल्व्हाडोर, चिली असे मिळून ११ देश झाले. डिसेंबर २०१७ मध्ये चिलीच्या आउडाक्स इटालियानोशी करार झाला तेव्हा तो त्याचा २६ वा क्लब होता. जर्मन गोलरक्षक लुट्झ फानेनस्टीलचा विक्रम मोडून आब्रेऊचं नाव गिनेस बुकात गेलं. तरी तो थांबला नाही. २०२१ मध्ये ४४ व्या वर्षी निवृत्त होईपर्यंत क्लबांची संख्या तिसाच्या पलीकडे गेली होती.

या भटकंतीतलं एक पान विशेष वाचण्याजोगं आहे. २००५-०६ च्या हंगामात मेक्सिकोतल्या कुलियाकान शहरात, दोरादोस नावाच्या लहानशा क्लबात तो खेळत होता. कारकिर्दीच्या अखेरीला आलेला पेप गार्डिओला काही महिने त्याचा सहकारी होता. आब्रेऊ त्या हंगामात लीगमधल्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांत होता. आणि दोरादोस खालच्या श्रेणीत घसरला. स्वतःच्या नावावर भरघोस पीक, आणि शेत मात्र लिलावात.

मराठी वाचकाला इथे गीतेचा दुसरा अध्याय आठवल्यावाचून राहणार नाही, त्यातही सत्तेचाळिसावा श्लोक. त्याच्या चार चरणांना टिळकांनी ‘गीतारहस्या’त कर्मयोगाची चतुःसूत्री म्हटलं आहे. पण घरोघरी जी समजूत रुळली आहे, ‘फळाची आशा सोडून द्या’, ती स्ट्रायकरच्या काहीच कामाची नाही. गोल झाला काय, न झाला काय, आपल्याला सारखंच, असं म्हणणाऱ्या स्ट्रायकरला कुठलाही प्रशिक्षक दुसऱ्या दिवशी बाकावर बसवेल, आणि ते बरोबरच असेल. गोलची तहान नसलेला स्ट्रायकर आपलं कर्मच अर्धवट करतो. श्लोक तर अधिकाराबद्दल बोलतो. कर्मावर तुझा हक्क आहे, फळावर नाही. इच्छा आणि हक्क यांत अंतर आहे, आणि स्ट्रायकरला जगायचं असतं ते त्या अंतरात.

एपिक्टेटस या स्टोइक तत्त्ववेत्त्यानं हे थेट चेंडूच्याच उदाहरणानं समजावलं होतं. तो गुलामीत वाढला, रोममधून हद्दपार झाला आणि ग्रीसमधल्या निकोपोलिसला शिकवत राहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: चेंडू खेळणारे चेंडूला चांगलं-वाईट मानत नाहीत. त्यांचं सगळं लक्ष तो कसा टाकावा आणि कसा झेलावा याच्यावर असतं. चेंडूविषयी बेफिकीर राहा, पण खेळण्याविषयी नको. आणि भीतीनं हात थरथरू लागले की खेळ संपलाच.

हे सगळं ऐकायला छान आहे, पण जिंकलेल्याची अनासक्ती स्वस्त असते. जोहान्सबर्गच्या फटक्यावरून आब्रेऊच्या मनाविषयी काही ठरवणं म्हणूनच धोक्याचं. त्यापेक्षा फेब्रुवारी २०११ मधला रिओचा सामना पाहावा. तेव्हा तो बोताफोगोकडून खेळत होता. आदल्या एप्रिलमध्ये फ्लामेंगोविरुद्ध असाच उचललेला फटका मारून त्यानं क्लबाला राज्य स्पर्धा जिंकून दिली होती. त्यामुळे त्याची ही खोड साऱ्या शहराला ठाऊक होती. फ्लुमिनेन्सेविरुद्ध पेनल्टी मिळाली, त्यानं पुन्हा तेच केलं, आणि या वेळी गोलरक्षकानं चेंडू रोखला. अख्ख्या स्टेडियमसमोर फजिती. काही मिनिटांत दुसरी पेनल्टी मिळाली. आब्रेऊ पुन्हा आला, आणि पुन्हा तोच फटका उचलला. गोल.

पहिल्या फळाचा निकाल मान्य केला असता तर दुसऱ्या वेळी त्यानं कोपऱ्यात सणसणीत मारायला हवा होता. त्यानं निकालाला कर्मात ढवळाढवळ करू दिली नाही. गोलरक्षक झेप घेणार, मध्य मोकळा राहणार, हा त्याचा हिशेब एका अपयशानं खोटा ठरत नव्हता. पण हा हट्टही असू शकतो, प्रदर्शनाची हौसही. बाहेरून पाहणाऱ्याला अनासक्ती आणि अहंकार एकाच सदऱ्यात दिसतात, ही अडचण खरीच आहे.

ग्यानची गोष्ट याहून अवघड. क्रॉसबारवर चेंडू आदळल्यानंतर जेमतेम काही मिनिटांत शूटआऊटमध्ये घानाचा पहिला फटका त्यानंच घेतला आणि गोल केला. श्लोकाचा शेवटचा चरण कर्म न करण्याचा मोह धरू नकोस म्हणतो. त्याचं याहून जिवंत उदाहरण सापडणं कठीण. पण २०१२ च्या आफ्रिका चषकात झांबियाविरुद्ध उपांत्य सामन्यात त्याची पेनल्टी पुन्हा हुकली. त्यानंतर आईच्या इच्छेखातर देशासाठी पेनल्टी घेणं त्यानं थांबवल्याचं त्यानंच सांगितलं. त्याला कर्मत्याग म्हणणं पुस्तकी पांडित्य होईल. लेकराच्या वाट्याला येणाऱ्या शिव्या आईला ऐकवत नसाव्यात. विश्वचषकात ६ गोल करणारा, आफ्रिकेचा या स्पर्धेतला सर्वाधिक गोलांचा मानकरी, लोकांच्या स्मृतीत उरला तो खांबाला लागलेल्या एका चेंडूनं. पुढे तोही फिरतच राहिला: सुंदरलँड, अल ऐन, शांघाय, दुबई, तुर्कस्तान. २०१९ मध्ये तो गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेडकडून इंडियन सुपर लीगमध्येही खेळला.

अशा भटक्या स्ट्रायकरला संन्यासी ठरवण्याचा मोह मात्र टाळलेला बरा. क्लब बदलतो तो बहुतेकदा पगारासाठी, खेळायला मिळावं म्हणून, किंवा क्लबला तो नकोसा झाला म्हणून. आब्रेऊही काही सगळ्यांपासून अलिप्त नव्हता. माँटेव्हिडिओचा नासिओनाल हा त्याचा जिवाभावाचा क्लब, आणि तिथे तो पुन्हा पुन्हा परतला. तरी या पेशाची रचनाच अशी की, फळ साठवता येत नाही. आयुष्यभर एकाच क्लबात राहिलेल्याचे गोल एका भिंतीवर, एका गाण्यात, एका गावाच्या आठवणीत जमा होतात. आब्रेऊचे गोल ११ देशांत सांडले आहेत. कुलियाकानच्या माणसाला त्याच्या ग्रीसमधल्या गोलांचं सोयरसुतक नाही. नव्या गावात पोहोचल्यावर मागची शिल्लक शून्य धरूनच पहिला सामना खेळावा लागतो, आणि तेही तिथल्या लोकांना हा तिशी-पस्तिशीचा गडी आणखी किती दिवस पळणार याची शंका असताना. ही शिस्त त्यानं निवडली नव्हती, बाजारानं लादली होती. लादलेल्या शिस्तीतून माणूस काही शिकतो की फक्त सरावतो, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

पुढे आब्रेऊनं प्रशिक्षकाची वाट धरली. तिथे तर फळ आणखी एक पायरी दूर: हिशेब त्याचा, पण चेंडूला लागणारा पाय दुसऱ्याचा, आणि चार सामने हरले की नोकरी जाते ती त्याचीच. तीसहून अधिक वेळा बोचकं बांधलेल्या माणसाला निदान या शेवटच्या गोष्टीची तरी सवय आहे.