दार कोणासाठी उघडतं

मुंबईतल्या पंचतारांकित हॉटेलांची तुलना करायला बसलं तर बोलण्यासारखं पुष्कळ सापडतं. कुलाब्याचं ताजमहाल 16 डिसेंबर 1903 रोजी सुरू झालं; समुद्र आणि जुनेपण हे त्याचं भांडवल. नरिमन पॉइंटच्या ओबेरॉयची ख्याती माणूस पाहून लक्ष पुरवण्याची, तर विमानतळाजवळच्या आयटीसी मराठाचं नाव ‘पेशावरी’ आणि ‘दम पुख्त’ या रेस्तराँमुळे. खोली, गादी, न्याहारी यांत आता फारसा फरक उरलेला नाही. म्हणून अशा मोठ्या साखळ्यांची खरी चढाओढ पाहुण्याला मान देण्यात चालते. त्याचं नाव लक्षात ठेवायचं, मागच्या खेपेला त्यानं कोणती उशी मागितली ते टिपून ठेवायचं, कपाळी कुंकू लावून आत घ्यायचं. अतिथीला देव मानण्याचा तैत्तिरीय उपनिषदातला उपदेश तर सरकारी पर्यटनाच्या जाहिरातीतही पोचला आहे. इथं प्रश्न धर्माचा होतो. भाडं घेऊन केलेला पाहुणचार हा पाहुणचार राहतो का?

नाही, असं चटकन म्हणणं अन्यायाचं आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या दहशतवादी हल्ल्यात ताजच्या कित्येक कर्मचाऱ्यांना बाहेर पडायच्या वाटा ठाऊक होत्या. तरी ते थांबले, पाहुण्यांना वाट दाखवत राहिले, आणि त्यांतले काही जिवानिशी गेले. पगारात हे बसत नाही. पैसे घेतले म्हणून सेवा खोटी ठरत नाही, हे त्या रात्रीनंतर कोणी नाकारू नये. माझा आक्षेप सेवेवर नाहीच, तो दारावर आहे. आत आलेल्यासाठी जीव टाकणारी माणसं तिथं असतील, पण आत कोण येणार हे दर आधीच ठरवून मोकळा होतो. उपनिषदातला अतिथी निवडून घेतलेला नसतो. तो दारात उभा राहिला, एवढीच त्याची पात्रता.

यावर खेड्याचा दाखला देऊन मोकळं होता येत नाही. आमच्या खानदेशात दारी आलेल्याला कळण्याची भाकरी आणि ठेचा मिळतो, हे खरंच आहे. पण आधी त्याची जात विचारली जात होती, हेही तितकंच खरं. 1929 साली डॉ. आंबेडकर धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले. महारवाड्यातल्या मंडळींनी आग्रह करून त्यांना ठेवून घेतलं. पैसे द्यायची तयारी असूनही एकही टांगेवाला त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी टांगा मिळाला, पण हाकायला मालक येईना. आपला पाहुणा पायी चालत घरी यावा हे यजमानांना सोसेना, म्हणून त्यांच्यातल्याच एकानं सवय नसताना लगाम हाती घेतला. पुलावर चाक कडेच्या दगडाला धडकलं, टांगा खाली कोसळला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. या एका प्रसंगात दोन गोष्टी दिसतात. पैसा असला तरी दार उघडतंच असं नाही; आणि ज्यांच्यापाशी देण्यासारखं सर्वांत कमी होतं, त्यांनाच पाहुण्याच्या मानाची सर्वांत जास्त काळजी होती. पुढे संविधानाच्या पंधराव्या कलमात हॉटेलं आणि उपाहारगृहं नाव घेऊन लिहिली गेली, ती असल्या अनुभवांवरचा इलाज म्हणूनच. कुलाब्याच्या हॉटेलात आज खोली देताना जात विचारत नाहीत. गावातल्या पंगतीनं हे त्याच्याकडून शिकावं, असं मी अगदी मनापासून म्हणतो.

पण म्हणजे दर हीच त्यातल्या त्यात स्वच्छ कसोटी, असं कोणी म्हणेल तर ते मला मान्य नाही. जात विचारणं बंद झालं आणि पाकीट विचारणं सुरू झालं, तर अन्याय कमी झाला, दार मात्र अर्धंच उघडलं. हॉटेलानं फुकट खोल्या द्याव्यात, असं माझं म्हणणं नाही. तो व्यवसाय आहे, आणि चोख व्यवसाय ही मानाची गोष्ट आहे. त्यानं त्याला धर्माचं नाव देऊ नये, इतकंच. धर्माचं काम उरतं ते आपल्याकडे, आणि तिथंही एक दर लपलेला आहे. चैत्रात सप्तशृंगीला पायी निघालेले भाविक पिंपळनेरहून शेलबारीच्या वाटेला लागतात, तेव्हा वाटेत मांडव पडतात, पाणी, ताक, खिचडी हातात दिली जाते. ते देणाऱ्याचा भाव खोटा नसतो. पण देवीच्या वाटसरूला दिलं की पुण्य लागतं, ही समजूत त्यामागे असतेच, आणि पुण्य ही देखील एक किंमतच. साक्री तालुक्यातले आदिवासी मजूर दिवाळीनंतर लेकराबाळांसह ट्रकमधून ऊसतोडीला गुजरातेत जायला निघतात, तेव्हा त्यांच्यासाठी रस्त्याला मांडव पडत नाही. त्यांना घातलेल्या जेवणाचं पुण्य कोणी मोजलेलं नाही. उपनिषदाला अभिप्रेत असलेला अतिथी शोधायचा तर तो मला त्या ट्रकमध्ये बसलेला दिसतो, आणि आमच्या सप्ताहाच्या पंगतीत त्याला हाक मारायला कोणत्याही शास्त्राची आडकाठी नाही.