वाट आणि वचन

दूर राहणाऱ्या माणसाचे दूरपण कमी करण्याचा खर्च इतरांनी सोसावा काय, आणि सोसावयाचा तर कोणत्या न्यायाने, हा प्रश्न रस्ता बांधताना सहसा कोणी विचारीत नाही. विमानाचा मार्ग आखला म्हणजे मात्र तो हटकून पुढे येतो. कारण उघड आहे. रस्त्यावरून बैलगाडीही जाते आणि मोटारही जाते. विमानात मात्र तिकीट घेणारा तेवढा बसतो, आणि बाकीच्यांच्या वाट्यास केवळ त्याचा आवाज येतो.

धाराशिव जिल्ह्यास दूरपणाची ओळख जुनी आहे. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइटची अरुंद गाडी १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचली. पण जिल्ह्याचे मुख्य गाव तिने बाजूसच ठेवले, आणि रुंद मार्ग होईपर्यंत तेथील लोकांस गाडीसाठी दुसऱ्या गावी जावे लागे. पुढे २००९ साली राज्यातील जे पाच लहान विमानतळ एका खासगी कंपनीस दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यात आले, त्यांत नांदेड, लातूर, बारामती व यवतमाळ यांच्या जोडीस धाराशिवचेही नाव होते. तथापि तेथून नियमित प्रवासी सेवा उभी राहिली नाही. आज तुळजापूरकडच्या माणसास जवळचे विमान म्हणजे सोलापूरचे. तेथून फ्लाय ९१ या गोव्याच्या कंपनीने ९ जून २०२५ रोजी गोव्याचा मार्ग सुरू केला.

अशा लहान मार्गांस आधार देण्यासाठी सरकारने ‘उडान’ ही योजना काढली. तिचे पहिले उड्डाण २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला-दिल्ली मार्गावर झाले, आणि त्याच दिवशी नांदेड-हैदराबाद मार्गही उघडला. योजनेचे गणित सोपे आहे. तासाभराच्या प्रवासास सुमारे अर्ध्या जागांचे भाडे आरंभी २५०० रुपयांवर रोखून धरावयाचे. गजबजलेल्या मार्गांवरील उड्डाणांवर आकार बसवून, राज्यांकडून थोडा वाटा घेऊन निधी उभारावयाचा. आणि त्यातून तोट्याच्या मार्गाची तूट तीन वर्षे भरून द्यावयाची. म्हणजे मुंबईहून दिल्लीस जाणारा प्रवासी नांदेडच्या प्रवाशाचे भाडे अंशतः भरतो.

यावर आक्षेप असा, की ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, जो जिल्हा २०१८ साली नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला, त्याच्या परिसरात चार सुखवस्तू माणसांच्या वेगासाठी पैसा का घालावा? आक्षेप क्षुल्लक नाही. लक्षद्वीपातील अगत्ती बेटाचे उदाहरण घेतले तर त्याचे वजन अधिकच कळते. त्या द्वीपसमूहातील विमानतळ एवढा एकच. कोचीहून बोटीने निघावे तर १४ ते २० तास लागतात, आणि पावसाळ्यात समुद्र कोणाचे ऐकत नाही. तेथे सत्तर माणसांचे पंख्याचे विमान ही चैन नव्हे, तो पूल आहे. धाराशिवच्या माणसास रात्रीची बस मिळते. बेटावरच्यास ती मिळणे नाही. एकाची गरज आहे, दुसऱ्याची सोय आहे, आणि सार्वजनिक पैशावर गरजेचा हक्क पहिला, हे कोणीही मान्य करील.

पण म्हणून सोयीस हक्कच नाही, असे ठरत नाही. लहान गावच्या माणसाने मुंबई-पुण्यास जाऊन उपचार घ्यावा, मुलाखत द्यावी, माल दाखवावा, आणि मोठ्या शहराने मात्र त्याच्याकडे कधी येऊ नये, ही व्यवस्था निसर्गाने केलेली नाही. ती आपण केली आहे. तिच्यातील असमता थोडी कमी करण्यास शहरी प्रवाशाने हातभार लावला तर तो दानधर्म नव्हे. माझ्या मते प्रश्नाचे मर्म द्यावे की न द्यावे यात नसून, दिलेले किती काळ टिकवावे यात आहे.

नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा २०२३ चा अहवाल या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ सुरू झाले. त्यांतील ११२ मार्गांनी तीन वर्षे पुरी केली. आणि मार्च २०२३ पर्यंत त्या मुदतीपलीकडे केवळ ५४ तग धरून होते. नांदेडचा पहिला मार्ग चालविणाऱ्या ट्रूजेट कंपनीने तर २०२२ च्या आरंभी सर्वच उड्डाणे थांबविली. हिशेबनीस यास तोटा म्हणेल. परंतु मार्ग ही केवळ विकाऊ वस्तू नसते. मार्ग आहे असे धरून कोणी मुलीचे स्थळ दूरच्या गावी ठरवितो, कोणी नोकरी पत्करतो, कोणी गुळाचा किंवा खव्याचा व्यवहार जोडतो. वाहन नाहीसे झाले म्हणजे त्याच्या भरवशावर रचलेले हे सर्व उघडे पडते.

सोलापुरात तर या भरवशाचे मोल विमान येण्यापूर्वीच चुकते करावे लागले. श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी उड्डाणांस अडथळा ठरली आणि १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. तिच्या वैधतेचा वाद येथे अप्रस्तुत आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट एवढीच, की ती शेतकरी सभासदांच्या कारखान्याची चिमणी होती, आणि त्या सभासदांतील बहुतेकांस विमानात बसण्याचा प्रसंग क्वचितच येणार. ज्यांनी काही घेतले नाही त्यांच्याकडूनही येथे काही घेतले गेले आहे. यापुढे तो मार्ग चालविणे हा नफ्यातोट्याचा विषय राहत नाही. ते दिलेले वचन होते.

तेव्हा धाराशिवच्या धावपट्टीवर उद्या विमान उतरविण्याची घोषणा झाल्यास आपण हर्षभरित होण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: चौथ्या वर्षी काय? त्याचे उत्तर देण्याची तयारी नसेल, तर तोच पैसा पहाटेच्या बसला आणि स्थानकापर्यंतच्या रस्त्याला लावणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल. वेग उशिरा मिळाला तरी माणूस थांबतो, कारण थांबण्याची त्यास सवय आहे. मिळालेली वाट काढून घेतली म्हणजे मात्र तो पूर्वीपेक्षाही दूर जाऊन पडतो.