दोन मात्रांच्या मध्ये

पाठ सरळ ठेवून बसा. वाद्य बाजूलाच राहू द्या. उजवा तळहात मांडीवर सावकाश, सारख्या अंतराने टेकवत राहा, साधारण सेकंदाला एकदा. इतक्यात काही मोजू नका.

हात स्थिरावला की लक्ष आघातावरून काढा आणि हात वर असतो त्या वेळेवर आणा. आघात ऐकू येतो, म्हणून आपण सराव त्याचाच करतो. पण पुढचा आघात लवकर पडणार की उशिरा, हे त्याच्या आधीच्या मोकळ्या जागेत ठरून गेलेलं असतं. तिथे तुमचा हात घाई करतो का? खांदा ताणला जातो का? दुरुस्त करू नका. नुसतं बघा.

आता हात चालू ठेवून मनाने अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतला या. आषाढ वद्य एकादशी आहे, संत गोदड महाराजांच्या रथाचा दिवस. गर्दीतल्या एका दिंडीत उभे राहा. मध्ये विणेकरी, जवळ मृदंगी, दोन्ही अंगांना टाळकऱ्यांच्या रांगा. समोर उभं राहून हाताने ताल देणारं कुणीच नाही, तरी सगळे टाळ एकत्र पडतात.

हे कसं होतं, यावर थोडं थांबू. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मृदंगापासून १७ मीटर मागे असलेल्या टाळकऱ्याला थाप सेकंदाच्या विसाव्या भागाने उशिरा ऐकू येते. ऐकल्यावर टाळ मारायचा म्हटलं, तर तो मागेच पडणार. म्हणजे थाप येण्याआधीच ती कुठे येणार हे त्याच्या अंगाला ठाऊक असावं लागतं. मला वाटतं, हे काम पावली करते. सगळ्यांचे पाय एकाच वेळी उचलले जातात, आणि उचललेला पाय कधी टेकणार हे डोळ्यांना आधीच दिसतं. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला जाताना याच कर्जत तालुक्यातल्या मिरजगावातून जाते. त्या वाटेवर अभंग म्हणत दिवसभर चालणाऱ्या पोराला मात्रा मोजायला कुणी बसवत नाही. त्याची लय चालण्यातूनच पक्की होते. मेट्रोनोम जरूर वापरावा. तो चूक दाखवतो, पण वाट पाहायला शिकवत नाही.

म्हणून आता उठा. खोलीतच हळू चाला. पावलागणिक एक मात्रा धरून तीनतालाची पढंत करा: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी. नवव्या मात्रेवर खाली, तिथे हात नुसता बाजूला उघडा.

बहुतेकांचा हात नेमका इथेच पळतो. आवाज नाही, म्हणून त्या मात्रेला वेळही कमी मिळतो. पुढच्या आवर्तनात खालीला टाळीइतकाच पूर्ण वेळ द्या. त्यानंतरचे तिं तिं ता हलके म्हणा, पण आखूड करू नका.

पुन्हा बसा. मघाच्या लयीत सोळा मात्रांना सोळा सेकंद लागत होते. आता मात्रा चार सेकंदांची करा. एक आवर्तन चौसष्ट सेकंदांचं होईल. उस्ताद अमीर खाँ चौदा मात्रांचा झुमरा अतिविलंबित लयीत गात असत. अशा लयीत एका मात्रेच्या पोटात किती जागा असते, ते आज स्वतः अनुभवा. मन भटकेल. ते परत आलं की मात्रा कुठवर आली आहे याचा अंदाज करा आणि तिथूनच पुढे चला.

शेवटी मेट्रोनोम लावा. एक आवर्तन त्याच्याबरोबर म्हणा. मग त्याचा आवाज बंद करा, यंत्र चालू राहू द्या. पुढचं आवर्तन मनात म्हणा आणि समेला आवाज पुन्हा उघडा. तुम्ही आधी पोचलात की नंतर? रोज ज्या बाजूला चुकता, ती बाजू वहीत लिहून ठेवा. आठवड्याभरात तुमच्या हाताची ओढ कुठे आहे ते कळेल.

हे जमू लागलं की सात मात्रांचा रूपक घ्या. त्यात समेवरच खाली येते. पहिल्या मात्रेला टाळी न देता पोचायचं आहे. त्यासाठी सहाव्या आणि सातव्या मात्रेवर काय करावं लागतं, ते पाय थांबवून नव्हे, चालत चालतच शोधा.