झडपेच्या अक्षाचे स्थानांतर

पोंभुर्णा, मूल, सावली या धानाच्या मुलुखातील मालगुजारी तलाव 1951 च्या सुमारास मालगुजारी संपुष्टात आल्यावर सरकारजमा झाले. परंतु त्यांच्या पाळीतील तुडूम, ज्याची निरनिराळ्या पातळ्यांवरील छिद्रे दट्ट्यांनी बंद केली जात, एक मूलगामी तत्त्व दाखवून देते: पाण्याच्या बाजूने बसविलेल्या दट्ट्याला पाण्याचाच भार छिद्रात आवळून धरतो. औद्योगिक बटरफ्लाय व्हॉल्व्हला मात्र या तत्त्वापाशी पोचण्यास मोठा वळसा घ्यावा लागला.

जेम्स वॅटच्या वाफयंत्रात नळीच्या मध्यावर फिरणारी तबकडी वाफेचे केवळ नियमन करी. तिने वाफ पूर्णतः रोखावी, अशी अपेक्षाच नव्हती. पुढे कृत्रिम रबर उपलब्ध झाल्यावर रबरी अस्तराच्या आसनात तबकडीची कड रुतवून गळती थांबविता आली, आणि औष्णिक वीजकेंद्रांतील शीतजलाच्या अजस्र नळांवर ही व्यवस्था आजही चोख चालते. तथापि दाब दहा-सोळा बारच्या पलीकडे गेला किंवा नळीतून तप्त वाफ वाहू लागली की रबर हतबल होते. शिवाय अक्षदंड आसनालाच भेदून जात असल्याने संपर्काचे वर्तुळ खंडित होते, आणि प्रत्येक उघडझापीत कड अस्तराला घासते.

या अडचणीवर अधिक जोराने आवळणे हा स्वाभाविक वाटणारा उपाय होता. त्याने घर्षण व झीज मात्र वाढली. खरी उकल अक्षाच्या जागेत होती. प्रथम अक्षदंड आसनाच्या प्रतलामागे सरकविण्यात आला, त्यामुळे वर्तुळ अखंड झाले. नंतर तो नळीच्या मध्यरेषेपासून किंचित बाजूला नेला, तेव्हा उघडू लागताच तबकडी आसन सोडून दूर होऊ लागली. 1938 साली रॉय प्लंकेट यांना गवसलेले टेफ्लॉन येथे आसनासाठी उपयोगी पडले. पण तेही सततच्या भाराखाली हळूहळू सरकते आणि प्रखर उष्णतेपुढे टिकत नाही. अखेर आसन शंक्वाकार करून त्या शंकूचा अक्षच तिरपा करण्यात आला. आता पोलाद आणि ग्राफाइटच्या थरांची कडी मिटण्याच्या अगदी अंतिम क्षणी, सर्व बाजूंनी एकदमच, आसनाला भिडते; मार्गात कोठेही घासत नाही, म्हणून शंभर बारच्या आसपासच्या दाबालाही धातूवर धातू टेकवून अटकाव करता येतो.

या प्रवासातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही की, बळाने न सुटलेला प्रश्न रचनेने सुटला. तरीही रचना जबाबदारीतून मुक्तता देत नाही. अक्षदंडाच्या बाजूने येणारा दाब तबकडीला आसनावर रेटून मदत करतो, उलट बाजूचा तिला ढकलून दूर करतो, आणि तेव्हा सारा भार फिरविणाऱ्या यंत्रणेच्या पिळावर पडतो. म्हणूनच झडपेच्या अंगावरील दिशादर्शक बाण पाहून ती बसविणारा कारागीर आरेखकाइतकाच या विचाराचा भागीदार आहे, आणि त्याच्या प्रशिक्षणावर केलेला खर्च हा झडपेच्या किमतीचाच अविभाज्य हिस्सा मानला पाहिजे.