देणाऱ्याच्या वाट्याचं

रक्त देऊन झालं की मला फार आनंद व्हायचा. घरी परतताना मिरजेच्या बाजारातली अनोळखी माणसंही आपली वाटायची. या आनंदाची देणाऱ्यानं लाज बाळगू नये, हे मला सांगायचं आहे. शिबिरात चहाबिस्किटांच्या टेबलाशी मी बसलेली असते तेव्हा कॉलेजातली मुलं हटकून विचारतात, ‘बाई, मला बरं वाटतं म्हणून मी रक्त देतो. मग हे दान कसलं? हा तर माझाच स्वार्थ झाला.’ मुलं मनापासून विचारतात. निष्काम कर्म कीर्तनात, शाळेत, आजोबांच्या तोंडून कानावर पडलेलं असतं. आपल्याला काही मिळालं की दान उणं झालं, असं त्यांच्या मनानं घेतलेलं असतं.

मी शाळेत संस्कृत शिकवलं, त्यामुळे माझं उत्तर गीतेपासून सुरू होतं. सतराव्या अध्यायात २० ते २२ या श्लोकांत दानाचे तीन प्रकार येतात. द्यायला हवं म्हणून, परतफेड करू न शकणाऱ्याला दिलं ते सात्त्विक. परतफेडीवर किंवा फळावर डोळा ठेवून दिलं ते राजस. इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. पण राजस दानाच्या त्याच श्लोकात आणखी एक लक्षण सांगितलं आहे, आणि तिकडे सहसा लक्ष जात नाही. कष्टी होऊन, जिवावर आल्यासारखं जे दिलं जातं, तेही राजसच. म्हणजे देताना मन खट्टू होणं हा गीतेनं दोष मानला आहे. मन प्रसन्न होण्याला तिथं कुठंही दोष दिलेला नाही. फळ म्हणजे जे आपण घेणाऱ्याकडून, लोकांकडून किंवा देवाकडून वसूल करू बघतो ते. देतानाचा आनंद कुणाकडे मागावा लागत नाही आणि तो मिळाल्यानं कुणाचं काही कमी होत नाही.

रक्तदानात तर परतफेडीची वाटच बंद असते. रक्तपेढीत एका पिशवीचे घटक वेगळे करतात. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस. माझं रक्त बाळंतिणीला गेलं, डेंग्यूच्या रुग्णाला गेलं की थॅलेसेमियाच्या लेकराला, हे मला कधीच कळलं नाही. सत्पात्री दान म्हणजे कुणाला द्यावं, यावर आपल्याकडे पूर्वापार केवढा खल झाला, आणि त्यात जात किती डोकावली! पेढीत गट जुळला की माणूस पात्र. मला ही फार मोठी धार्मिक गोष्ट वाटते.

फळाची इच्छा दानात शिरली की काय बिघडतं, हेही रक्ताइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठं दिसत नाही. एके काळी आपल्या देशात पैसे घेऊन रक्त देणारे लोक होते. पोटासाठी वरचेवर रक्त द्यायचे, आजार लपवायचे. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली ते थांबवण्याचा आदेश दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री बंद झाली. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोग, मलेरिया यांसाठी तपासणी होतेच. पण संसर्ग नुकताच झाला असेल तर सुरुवातीच्या काळात तो चाचणीत सापडत नाही. त्या काळात घेणाऱ्याला वाचवतो तो देणाऱ्याचा खरेपणा, अर्जावर त्यानं दिलेली खरी उत्तरं. म्हणून शिबिरात बॅग, घड्याळ, डबा वाटणाऱ्या मंडळांशी मी भांडते. कार्यकर्ते भली मुलं असतात, गर्दी व्हावी एवढंच त्यांच्या मनात असतं. पण घड्याळासाठी रांगेत उभा राहिलेला माणूस मागच्या महिन्यातला ताप सांगेलच असं नाही. आनंदासाठी आलेला सांगतो, कारण आपलं रक्त कुणाला बाधलं तर त्याचा आनंदच उरणार नाही. सात्त्विक आणि राजस यांतलं अंतर असं थेट रुग्णाच्या शिरेपर्यंत पोचतं.

१९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगट शोधला. साध्या तपासणीत तो ‘ओ’सारखा दिसतो, पण या लोकांना ‘ओ’ गटाचंही रक्त चालत नाही, त्यांच्याच गटाचं लागतं. आपल्या देशात दहा हजारांत साधारण एकाचा हा गट. अशा दात्याला परगावाहून, अवेळी बोलावणं येतं आणि तो निघतो. त्याच्या निघण्यात कर्तव्य किती आणि आनंद किती, हे मोजत बसावंसं मला वाटत नाही.

पासष्टीनंतर रक्त देता येत नाही. माझं ते वय उलटलं तेव्हा मी फार हळहळले. आता टेबलाशी बसते, अर्ज भरून घेते. इथं बसल्यावर दिसलेली एक गोष्ट मला अस्वस्थ करते. उत्साहानं आलेल्या कितीतरी मुली आणि बाया बोटाला सुई टोचल्यावर परत जातात, कारण हिमोग्लोबिन १२.५ भरत नाही. घरात सगळ्यांना वाढून शेवटी जेवणाऱ्या या बाया. त्या आयुष्यभर देतच असतात, पण त्याला दान कुणी म्हणत नाही, आणि नाही म्हणायची सोय नसल्यानं त्यातला आनंदही बहुतेकींच्या वाट्याला येत नाही. शिबिरात त्या स्वतःच्या इच्छेनं, स्वतःच्या नावानं काही द्यायला आलेल्या असतात. परत जाताना एखादीचे डोळे भरतात. मी त्यांना सांगते, बायांनो, आधी स्वतःच्या ताटात वाढून घ्या. डॉक्टरांना विचारून लोहाच्या गोळ्या घ्या, पालेभाजीवर लिंबू पिळा, जेवणावर लगेच चहा पिऊ नका. दाता आधी धडधाकट हवा. स्वतःला उपाशी ठेवून दिलेल्याला मी तरी सात्त्विक म्हणणार नाही. त्यांची नावं मी वहीत लिहून ठेवते. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, पेढीत रक्त कमी पडतं, तेव्हा पहिले फोन मी या बायांनाच करते.