घास कुणासाठी?

मॅडिसनमधल्या बागेत मंकी बारवरून पडून आमच्या पाच वर्षांच्या लेकीचा उजवा हात कोपराच्या जरा वर मोडला. या वयात, अशा पडण्यानं हेच हाड मोडतं, असं डॉक्टर म्हणाल्या. मला त्यानं दिलासा मिळाला नाही. ती पडली तेव्हा मी फोनवर लॅबचा ईमेल वाचत होते.

मग मी तिला भरवू लागले, कपडे घालू लागले, प्लॅस्टरला पिशवी बांधून आंघोळ घालू लागले. दुसऱ्याच आठवड्यात ती म्हणाली, "मी डाव्या हातानं जेवते." व्हिडिओ कॉलवर साताऱ्याहून आजी म्हणाली, "डाव्या हातानं नको गं, आई भरवेल ना!" मलाही तेच हवं होतं. प्रत्येक घासागणिक माझी बोच थोडी कमी होत होती.

हाड त्याच्यावर पडणाऱ्या भारानुसार घडतं, हे जर्मन शल्यविशारद युलियुस वोल्फ यांनी १८९२ साली मांडलं. आमच्या डॉक्टरांनीही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, प्लॅस्टरमधली बोटं तिला हलवत राहू द्या.

मदत आणि प्रायश्चित्त बाहेरून सारखीच दिसतात. पण मदत समोरच्याची गरज संपली की थांबते. प्रायश्चित्ताला कुठे थांबायचं ते कळत नाही.

मी चमचा तिच्या डाव्या हातात दिला. निम्मा वरणभात सांडला. आजीला म्हटलं, "आई, सांडू दे." तो ईमेल माझा होता, त्याचा भार तिनं का उचलायचा?