निष्ठा कोणाशी?

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून गणपतराव देशमुख अकरा वेळा विधानसभेवर निवडून गेले. पहिला विजय 1962 सालचा, शेवटचा 2014 सालचा. मतदारसंघ तोच आणि पक्षही तोच, शेतकरी कामगार पक्ष (शेकाप). 30 जुलै 2021 रोजी ते वारले तेव्हा त्यांच्या साधेपणाबद्दल, एसटीच्या प्रवासाबद्दल, स्वच्छ हातांबद्दल भरभरून लिहिले गेले आणि ते सारे रास्तच होते. मात्र त्या सगळ्या लिखाणात एक गोष्ट गृहीत धरलेली होती. ते एका पक्षाशी आयुष्यभर एकनिष्ठ राहिले, एवढे सांगितले की त्यांचे मोठेपण आपोआप सिद्ध होते, असा तो समज. तो तपासून पाहायला हवा, कारण ज्या पक्षाशी ते एकनिष्ठ राहिले तो त्यांच्या डोळ्यांदेखत झिजत गेला. 1967 साली विधानसभेत शेकापचे 19 आमदार होते, 2004 साली दोन उरले आणि 2014 साली तीन. राज्यातली सत्ता दुसरीकडे, तिजोरी दुसरीकडे आणि आपला तालुका पर्जन्यछायेत तहानलेला, अशा वेळी बुडत्या पक्षाला धरून बसणे हा सद्गुण म्हणायचा की हट्ट? प्रश्न एका आमदाराच्या निमित्ताने पुढे आला असला तरी तो धर्मविचारातला फार जुना प्रश्न आहे.

आपल्या परंपरेला विचारले तर ती निष्ठेच्या बाजूने सरसकट कौल देत नाही. महाभारतात भीष्मांइतका एकनिष्ठ कोणी नाही. हस्तिनापूरच्या गादीशी बांधलेला हा माणूस द्यूतसभेत द्रौपदीचा प्रश्न ऐकतो, धर्माची गती सूक्ष्म आहे असे म्हणतो आणि बसून राहतो. ज्या प्रतिज्ञेपायी तो बसून राहतो ती एका कोळीराजाला त्याच्या मुलीच्या लग्नासाठी दिलेली होती. तिचे प्रयोजन केव्हाच संपले होते. कर्णाचेही तेच. दुर्योधनाने अडचणीच्या वेळी मान दिला, त्या उपकाराची परतफेड त्याने अधर्माच्या बाजूने लढून केली. उलट बाजूला बिभीषण आहे. भाऊ, राज्य, कूळ सोडून तो शत्रूच्या तळावर गेला आणि रामकथेने त्याला धर्मात्मा ठरवले. लोकांनी मात्र त्याला पुरते माफ केलेले नाही. घरभेदी म्हटले की अजूनही तोच आठवतो. आणि लोकांच्या या संशयाला थोडा आधारही आहे. वाल्मीकींच्या कथेत समुद्र ओलांडायच्या आधीच त्याला लंकेचा राज्याभिषेक होतो. पक्षांतराबरोबर पद ठरण्याची आपल्याकडची पद्धत म्हणजे काही फार अलीकडची नव्हे.

तरीही बिभीषणाच्या बाजूने एक महत्त्वाची गोष्ट आहे. रावणाला जे सांगायचे ते त्याने भरसभेत, तोंडावर सांगितले, अपमान सोसला आणि मगच तो निघाला. म्हणजे निष्ठा टिकवणे किंवा मोडणे एवढ्यावर परंपरा थांबत नाही. ती विचारते, निष्ठा कोणाशी होती, ती ज्याच्यासाठी होती ते अजून शिल्लक आहे का, आणि मोडताना ज्याचे देणे लागतो त्याला विचारले का. अमेरिकी तत्त्वज्ञ जोसाया रॉइस यांनी 1908 साली निष्ठेवर एक आख्खे पुस्तक लिहिले आणि निष्ठा हाच सगळ्या सद्गुणांचा पाया मानला. पण दरोडेखोरांच्या टोळीतही निष्ठा असते हे त्यांनाही नाकारता आले नाही, म्हणून निष्ठेवर निष्ठा अशी कसोटी त्यांना आणावी लागली. आपली निष्ठा इतरांची निष्ठा मोडत असेल तर ती वाया गेली, असा तिचा सारांश. कसोटी चांगली आहे, पण लोकप्रतिनिधीला ती पुरत नाही. त्याची निष्ठा एकेरी कधीच नसते. पक्ष, मतदार आणि स्वतःचा विचार अशा तिघांचे त्याच्यावर देणे असते आणि तिघे क्वचितच एका दिशेला ओढतात.

माझे म्हणणे असे की या तिघांत मूळ देणे मतदाराचे आहे आणि पक्षनिष्ठेला जी काही नैतिक किंमत आहे ती त्या देण्यातून येते. मतदाराच्या हाती पाच वर्षांतून एकदा एकच साधन असते, हिशेब मागण्याचे. तो हिशेब लागायचा तर ज्याने वचन दिले आणि जो पुन्हा मत मागायला आला ते दोघे एकच असायला हवेत. चिन्ह बदलले, जाहीरनामा बदलला, कालचा विरोधक आजचा नेता झाला, की मतदाराला जाब विचारायला समोर कोणी उरतच नाही. माणूस तोच दिसतो, पण वचन देणारा निघून गेलेला असतो. पक्ष हा त्या अर्थाने वचनाचा साक्षीदार आहे. गणपतरावांचे महत्त्व मला म्हणूनच अकरा विजयांत दिसत नाही. विजयांचाच हिशेब करायचा तर करुणानिधी 13 वेळा जिंकले आणि एकदाही हरले नाहीत, केरळातले के. एम. माणी पाला या एकाच मतदारसंघातून 13 वेळा निवडून आले. गणपतरावांच्या कारकिर्दीतली बोलकी वर्षे आहेत ती पराभवाची, 1972 आणि 1995. पहिल्या पराभवानंतर ते 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. दुसऱ्यांदा ते अवघ्या 192 मतांनी पडले आणि 1999 मध्ये त्याच मतदारांपुढे, त्याच पक्षाकडून उभे राहिले. तोवर महाराष्ट्रात पक्ष बदलणे ही रोजचीच गोष्ट झाली होती आणि अशा माणसाला कोणीही आनंदाने घेतले असते. सत्तरीच्या घरात आलेल्या, निसटत्या मतांनी हरलेल्या राजकारण्याने पक्षालाच दोष देऊन मोकळे होणे किती सोपे होते! त्यांनी दोष कोणाला दिला हे मी सांगू शकत नाही. त्यांनी केले काय ते दिसते: मतदारांनी ज्या नावाला नाकारले होते तेच नाव घेऊन ते पुन्हा त्यांच्यापुढे गेले.

यावर सर्वांत जड आक्षेप पाण्याचा आहे. माक्स वेबर यांनी 1919 साली राजकारणावर दिलेल्या व्याख्यानात दोन नीती वेगळ्या केल्या. एक, श्रद्धेला जागणाऱ्याची. दुसरी, आपल्या कृतीच्या परिणामांची जबाबदारी घेणाऱ्याची. पहिल्या नीतीचा माणूस हात स्वच्छ ठेवतो आणि परिणाम जगावर किंवा देवावर सोडतो. सांगोल्याच्या शेतकऱ्याने विचारावे, तुमची पक्षनिष्ठा आमच्या कोरड्या विहिरीत काय कामाची? सत्ताधारी आमदाराच्या तालुक्यात कालवा लवकर पोचतो हे आपल्याकडे कोणाला पटवून द्यावे लागत नाही. हा आक्षेप मी झटकणार नाही. टेंभू, म्हैसाळसारख्या उपसा योजनांचे पाणी या भागाला यायला फार उशीर झाला आणि विरोधी बाकाची किंमत तालुक्याने मोजली. पण या आक्षेपात एक गृहीतक दडले आहे: पाणी ही कृपा आहे आणि ती दरबारात हजर असणाऱ्यालाच मिळणार. नागनाथअण्णा नायकवडी आणि गणपतराव यांनी तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा वर्षानुवर्षे भरवल्या त्या नेमके हे गृहीतक नाकारण्यासाठी. कृष्णेचे पाणी सगळ्या खोऱ्याचे आहे, वाटप हक्काने व्हावे, आमदाराच्या वजनाने नव्हे, अशी ती मागणी. आमदाराने पाण्यासाठी पक्ष सोडला तर त्याच्या तालुक्याला कदाचित पाणी मिळेल. शेजारच्या तालुक्यासाठी मात्र तो तत्त्वच गमावून बसेल. वेबर ज्याला परिणामांची जबाबदारी म्हणतात तीत हा परिणामही मोजायला हवा. तो मोजला तरी कोरड्या विहिरीचे वजन शून्य होत नाही, हेही खरेच.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: ही निष्ठा म्हणतात तेवढी सोवळी होती का? गणपतराव 1978 मध्ये मंत्री झाले ते पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि ते सरकार शरद पवारांनी वसंतदादा पाटलांचे सरकार पाडून उभे केलेले होते. त्या फुटीला आजही लोक पाठीत खंजीर म्हणतात. म्हणजे एकनिष्ठ माणसाचे पहिले मंत्रिपद दुसऱ्याच्या निष्ठाभंगातून आले. पुढे 1999 साली विलासराव देशमुखांच्या सरकारात ते पुन्हा मंत्री झाले आणि 2002 मध्ये शेकापने त्या सरकारचा पाठिंबा काढला. कारण होते रायगड जिल्हा परिषदेतल्या सत्तेचे भांडण. रायगडच्या भांडणात सांगोल्याने मंत्री का गमवावा, याचे चांगले उत्तर माझ्याकडे नाही. पक्षनिष्ठेचा हा खराखुरा तोटा आहे आणि तो लपवून तिचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. फक्त एवढे नोंदवतो की दोन्ही वेळा सत्तेत जाण्याचा आणि बाहेर पडण्याचा निर्णय पक्षाने उघडपणे घेतला होता. आघाडी करणे आणि पक्ष सोडणे यांत फरक आहे. आघाडीचा जाब पुढच्या निवडणुकीत त्याच नावाला, त्याच चिन्हाला विचारता येतो. 1978 चा डाग मात्र राहतो. ज्या फुटीचा फायदा घेतला तिच्या नैतिकतेबद्दल गप्प राहणे ही भीष्मांच्या मौनाचीच एक लहान आवृत्ती आहे.

कोणी म्हणेल, निष्ठेची चर्चाच कशाला. समाजाची मते आणि वैयक्तिक वलय यांवर आमदार निवडून येतात, बाकी शोभा. धनगर समाजाचा आधार त्यांना होता हे उघड आहे. पण तो आधार 1972 मध्येही होता, 1995 मध्येही होता आणि दोन्ही वेळा तो पुरला नाही. जातीचे गणित पक्के असते तर 192 मतांचा पराभव झालाच नसता. आणखी कोणी म्हणेल की आता पक्षांतरबंदी कायदाच आहे, तेव्हा सद्गुणाची गरज उरली नाही. हा कायदा 1985 साली 52 व्या घटनादुरुस्तीने आला आणि त्याने किरकोळ पक्षांतर थांबवून घाऊक पक्षांतराला वाट करून दिली. एकतृतीयांश आमदार फुटले तर ती फूट मान्य होती. ती पळवाट 2003 च्या दुरुस्तीने बुजवली, तर दोनतृतीयांशांच्या विलीनीकरणाची राहिली आणि खरा पक्ष कोणता हा वाद तिच्या जोडीला आला. 2022 च्या जूनमध्ये शिवसेना फुटली तेव्हा गुवाहाटीच्या हॉटेलातून ज्यांचा झाडी-डोंगारांचा फोन महाराष्ट्रभर गाजला ते शहाजीबापू पाटील सांगोल्याचेच तेव्हाचे आमदार. गणपतरावांना 1995 मध्ये हरवणारेही तेच. तेव्हा ते काँग्रेसचे होते, 2019 मध्ये शिवसेनेचे. फुटलेल्या एकनाथ शिंदे गटातल्या आमदारांनी निधीचे, मतदारसंघाच्या विकासाचे कारण दिले होते आणि ते खोटेच होते असे मी म्हणणार नाही. वर पाण्याचा जो आक्षेप मांडला त्याचेच ते रूप आहे. पण बिभीषणाची कसोटी इथे लावून पाहावी. राजीनामा देऊन पोटनिवडणुकीला सामोरे जाण्याचा मार्ग सगळ्यांना खुला होता. तो कोणीच घेतला नाही. कायद्याला ते चालले, पण वचन ज्याला दिले होते त्याला विचारायचे राहूनच गेले.

राहिला प्रश्न दीर्घ कारकिर्दीचा. ॲरिस्टॉटल म्हणतो, मुक्त नागरिकांच्या राज्यात शासन करणे आणि शासित होणे आळीपाळीने व्हावे. पन्नासहून अधिक वर्षे एकच माणूस एका तालुक्याचा आवाज होतो तेव्हा बाकीचे आवाज कुठे जातात? निष्ठेचा माझा सगळा युक्तिवाद मान्य केला तरी हा आक्षेप उरतो, कारण वचन पाळणाऱ्या माणसाच्या सावलीतही दुसरा माणूस उभा राहत नाही. शेकापच्या सांगोल्यात हेच घडले. 2019 मध्ये गणपतराव उभे राहिले नाहीत तेव्हा पक्षाला त्यांच्या जागी सापडला तो त्यांचा नातू अनिकेत, आणि तो 768 मतांनी पडला. 2024 मध्ये दुसरा नातू, बाबासाहेब देशमुख, शहाजीबापूंना हरवून निवडून आला. श्रमिकांच्या राज्याची भाषा करणाऱ्या पक्षाला साठ वर्षांत त्या तालुक्यात देशमुखांच्या घराबाहेरचा उमेदवार का घडवता आला नाही, याचे उत्तर गणपतरावांच्या खात्यावर मांडावे लागेल. दीर्घ निष्ठेने पक्ष टिकवला, पण तो वाढवला नाही. वचन दिलेल्या माणसाकडेच वचनाचा हिशेब मागता येतो, हे जर खरे असेल तर आजोबांनी पाळलेले वचन नातवाच्या नावावर जमा होत नाही. त्याचा हिशेब पहिल्यापासून सुरू झाला आहे आणि सांगोल्याच्या मतदारांनी तो तसाच, आजोबा विसरून, मागावा. 2024 च्या निवडणुकीत 288 जागांच्या विधानसभेत शेकापचा एकच आमदार निवडून आला, तो हाच.